वाऱ्याला दिलेला विडा

भाविकहो, श्री सहजगिरी महाराजांचे वास्तव्य ओतारखेडात होते, त्या काळची ही कथा आहे. ओतारखेड म्हणजे घंटांचे गाव. पंचक्रोशीतल्या कुठल्याही देवळात जा, घंटा वाजवा आणि ती कुठली म्हणून विचारा. पुजारी आमच्याच गावाचे नाव सांगेल. वेशीबाहेर चिंचेखाली महाराजांचा मठ होता. मठ कसला, चार मातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर! पण आम्हां ओतारखेडकरांचा कैलास तोच. असा साधू दुसऱ्या कुठल्या गावाला लाभला असेल तर दाखवून द्यावा, आम्ही ऐकायला तयार आहोत.

गावच्या ओतशाळेचे मालक होते मुरारशेट. देवाच्या कामाला त्यांचा हात सढळ. भैरवनाथाच्या देवळाला शिखर त्यांनी चढवले, पायऱ्या त्यांनी बांधल्या आणि त्या पायऱ्यांवर स्वतःचे नावही कोरून घेतले. माणसाच्या बाबतीत मात्र तोच हात आखडायचा. महाराजांचे तर नावही त्यांना खपत नसे. "अंगाला राख फासून बसणाऱ्याला कामधंद्यातलं काय कळतंय?" असे ते चारचौघांत म्हणायचे.

या ओतशाळेत सटवाजी नावाचा गडी भाता ओढायचा. चामड्याचा तो मोठा भाता दोन्ही हातांनी ओढायचा आणि दाबायचा, की भट्टीत वारा शिरतो, कोळसा फुलतो आणि मुशीतले, म्हणजे मातीच्या भांड्यातले, कांसे वितळते. सटवाजीचा बाप हेच करायचा. मजुरी बापाच्या वेळी होती तीच, रोजचे दोन शेर जोंधळे. नवरा-बायको आणि एक लेक, एवढ्यांचे त्यात भागत होते. त्या साली त्याची थोरली बहीण धुरपदा विधवा झाली. सासरच्यांनी तिला तीन पोरांसकट गोठ्यात काढले. सटवाजीने ते पाहिले आणि त्याच पावली चौघांना घरी आणले. खाणारी तोंडे दुपटीहून अधिक झाली, शेर मात्र दोनच राहिले. धुरपदा आपली भाकर पोरांच्या ताटात सरकवायची आणि भूक नाही म्हणायची. एके दिवशी ती विहिरीवर भोवळ येऊन पडली, तेव्हा सटवाजीला सगळे कळले. शुद्धीवर येताच ती म्हणाली, "मला सासरी पोचीव बाबा. तुझ्या लेकीच्या तोंडचा घास मी किती दिस खाऊ?"

सटवाजी तसाच मठात आला आणि हात जोडून म्हणाला, "म्हाराज, शेटकडं येक शेर वाढवून मागावं म्हणतो. पर मन खातंय. मागणं म्हंजी लोभच न्हवं का?"

महाराज म्हणाले, "सटवाजी, मी दारोदार झोळी फिरवतो. ती भिक्षा. तू दिवसभर आगीपुढे बसतोस आणि त्याचा दाम मागतोस. ती भिक्षा आहे का?"

"न्हाई म्हाराज."

"मग मागताना माझ्यासारखा वाकून उभा राहू नकोस. ताठ उभा राहा."

ओतशाळेची एक जुनी रीत होती. मजुरीचे बोलणे सालातून एकदाच व्हायचे, पाडव्याला. त्या दिवशी सालाची पहिली भट्टी पेटायची. मुशीतल्या कांशाला घाम फुटला, म्हणजे ते कडेने पाझरू लागले, की भाता घटकाभर थांबायचा आणि मालक भातेकऱ्याला विडा द्यायचा. विडा घेतला की सालाची मजुरी ठरली. काही बोलायचे असेल तर ते विडा घेण्यापूर्वी. मुरारशेटच्या आजोबांनी ही रीत घातली होती, पण कुठल्या भातेकऱ्याने तेव्हा तोंड उघडल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

त्या पाडव्याला तर भैरवनाथाची मोठी घंटा ओतायची होती! तिच्यासाठी घरोघरच्या बायांनी हळदकुंकू लावून कांसे दिले होते. कोणाची फुटकी वाटी, कोणाच्या सासूचे ताट, कोणाच्या मेलेल्या लेकराचा खुळखुळा. सगळे गाव अंगणात जमले होते. कांशाला घाम फुटला. सटवाजीचा हात थांबला. मुरारशेटनी तबकातला विडा उचलून पुढे केला.

सटवाजी उठून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "शेट, विडा घ्यायच्या आदी बोलायचं हाय. औंदा येक शेर वाढवून द्या."

मुरारशेटचा चेहरा तांबडालाल झाला. "ऐन वेळेला अडवतोस होय रे?"

"येळ म्या न्हाई ठरीवली शेट, तुमच्या आजोबांनी ठरीवली. द्याचं नसंल तर न्हाई म्हणा, मी जातो. दुसरे गडी हाईत की."

"देवाचं काम आहे हे! यात शेर आणि पायल्या मोजतोस? लाज नाही वाटत? सेवा म्हणून कर!"

"सेवा म्हणून देवळाम्होरं झाडतो मी रोज सकाळी. त्याचं काय मागितलं का कवा? ह्ये माझं काम हाय."

आता मुरारशेट हसले, आणि त्यांचे हसणे रागाहून वाईट होते. "काम? अरे, साचा घडवणारा घडवतो, ओतणारा ओततो. तू काय देतोस? वारा! वारा देवानं फुकट दिलाय, आणि तू त्याचे जोंधळे मागतोस! मंडळी, ऐकलंत का? मग तुझ्या हातात कशाला? ज्याचं काम त्यालाच देतो की. हा घे रे बाबा वाऱ्या, यंदाचा विडा तुला!" असे म्हणून त्यांनी तो विडा वर भिरकावला. लोक खो खो हसले. हसणाऱ्यांत आमच्याही घरची माणसे होती, ते लपवून काय करायचे? विडा भात्याच्या तोंडापाशी जाऊन पडला.

सटवाजीने भात्याला लावलेला हात कपाळाला लावला आणि तो मठाकडे चालू लागला. मान खाली घातली नाही. मठात पोचल्यावर मात्र त्याचा धीर सुटला. "म्हाराज, उद्या बहिनीला कुठल्या तोंडानं सांगू?" एवढेच तो बोलू शकला. महाराजांनी त्याला जवळ बसवून घेतले, तांब्याभर पाणी दिले आणि डोळे मिटले.

इकडे सटवाजीच्या जागी दोन तरणे गडी बसले. गडी काही कच्चे नव्हते, दंडाला बेटकुळ्या फुगलेल्या. त्यांनी भाता ओढला आणि दाबला. पण भट्टीत काहीच शिरले नाही! कातडे तपासले, कुठे फाटले नव्हते. नळी तपासली, मोकळी होती. पुन्हा ओढला. भाता फुगत होता, मिटत होता, आणि तोंडातून फुंकरीएवढाही वारा निघत नव्हता. मग कोणीतरी वर पाहिले. अंगणातल्या चिंचेचे पान हलत नव्हते. दारोदारच्या गुढ्यांची वस्त्रे काठीला चिकटल्यासारखी लोंबत होती. बायांनी सुपाने वारा घालून पाहिला, तर अंगाला झुळूक लागेना. आणि नवल असे, की श्वास मात्र सगळ्यांना सुखाने घेता येत होता. देवाने कोणाचा जीव कोंडला नाही, फक्त काम थांबवले.

निखारे मंद होऊ लागले. अर्धे वितळलेले कांसे मुशीत गोठले की मूस तडकते आणि धातू राखेत जातो, हे त्या अंगणात पोरासोरांना ठाऊक होते. गड्यांना बाजूला ढकलून मुरारशेट स्वतः भात्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच! अंगरखा भिजला, पागोटे राखेत पडले, तरी ते ओढतच राहिले. मागे बाया रडू लागल्या. "आमच्या सासूबाईंचं ताट हो शेट," एक म्हणाली. खुळखुळा देणारी बाई मुशीकडे बघत उभी होती.

तेवढ्यात महाराज आले. मागे सटवाजी होता. गर्दी दुभंगली.

महाराजांनी भात्याच्या तोंडाशी पडलेला विडा पाहिला आणि विचारले, "मुरारशेट, हा कोणाला दिलात?"

मुरारशेटना धाप लागली होती. "वा... वाऱ्याला, महाराज."

"रीतीप्रमाणे मजुरी काय ठरवलीत?"

"फुकट म्हणालो."

"मग तो का येईल? सटवाजीला तुम्ही न ठरवता बसवू पाहत होतात, तो उठून गेला. वाराही गेला. रीत तुमच्याच घरची आहे."

मुरारशेटना घाम फुटला. ते म्हणाले, "महाराज, देवाची घंटा आहे ही. तुम्ही याला सांगा. तुमच्या शब्दाबाहेर नाही तो. म्हणावं, आजचा दिवस सेवा कर, मग बघू."

सगळ्यांना वाटले, महाराज आता सटवाजीला तसे सांगतील. साधूच ते! पण महाराजांचा आवाज चढला. तसा तो गावाने कधी ऐकला नव्हता.

"सेवा करायची तर स्वतःच्या अंगानं करावी, मुरारशेट! दुसऱ्याच्या पोराबाळांचा घास कापून सेवा होत नसते. अशी घंटा भैरवनाथाला मी वाजवू देणार नाही. विझू द्या भट्टी!"

निखाऱ्यांवर राखेची साय धरली होती. मुरारशेटनी एकदा भट्टीकडे पाहिले, एकदा त्या रडणाऱ्या बायांकडे पाहिले. मग ते वाकले, विडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि दोन्ही हातांनी सटवाजीपुढे धरला.

"सटवाजी, तीन शेर. घे."

सटवाजीने हात पुढे केला नाही. त्याने त्या दोन तरण्या गड्यांकडे पाहिले. "आन् ह्यांचं?"

"अरे, त्यांनी कुठं काय मागितलंय?"

"त्यांची तोंडं उघडत न्हाईत शेट. त्यांच्या वतीनं मी मागतो. भात्यावर जो बसंल त्याला तीन शेर."

महाराजांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहणाऱ्यांनी पुढे नातवंडांना सांगितला. मुरारशेट म्हणाले, "दिले. भात्यावर बसेल त्याला तीन शेर."

सटवाजीने विडा घेतला. त्याच क्षणी वेशीकडच्या गुढीचे वस्त्र फडफडले, मग दुसरीचे, मग साऱ्या आळीचे! चिंच सळसळली. सटवाजी आणि ते दोघे भात्यावर बसले. पहिल्याच दाबासरशी भट्टी अशी फुलली, की पुढचे लोक चार पावले मागे सरले. कांसे पाण्यासारखे झाले. ओताऱ्याने मूस उचलली, धार साच्यात गेली, आणि एक थेंब बाहेर सांडला नाही. बायांनी नाथाच्या नावाने जयजयकार केला. सटवाजीच्या लेकीला कडेवर घेऊन धुरपदा कुंपणाशी उभी होती. सासरी जाण्याचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

साचा निवायला ठेवला, तेव्हा मुरारशेट महाराजांपुढे आले. नमस्काराला हात जोडायला गेले आणि कळवळले. दोन्ही तळव्यांना टरटरून फोड आले होते. महाराजांनी ते हात आपल्या हातांत घेतले.

"दुखतंय?"

"फार दुखतंय, महाराज."

"घटकाभरच ओढलात ना?"

मुरारशेटनी मान डोलावली.

"आता सांगा," महाराज प्रेमाने म्हणाले, "याने एक शेर मागितला, तो जास्त होता का?"

मुरारशेटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते म्हणाले, "नाही, महाराज. त्यानं कमीच मागितला."

आणि पायऱ्यांवर नाव कोरून घेणारा तो माणूस साऱ्या गावादेखत राखेत गुडघे टेकून आधी महाराजांच्या पायांवर आणि मग सटवाजीच्या पायांवर डोके ठेवता झाला.