घरटी एक बोर

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक वानर राहत असे. पाणवठ्याच्या काठी बेहड्याचे उंच झाड होते, तेच त्याचे घर. मुलांनो, वानर दिसायला काही विशेष नव्हता, पण त्याची नजर फार लांब जाई. पलीकडच्या गवतात बिबट्याच्या शेपटीचे टोक हलले, तरी त्याला ते शेंड्यावरून दिसे. मग तो असा काही ओरडे, की पाणी प्यायला आलेली जनावरे एका उडीत दूर होत. म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला राखणदार नेमले होते. एका झाडाच्या पाल्यावर काही वर्ष निघत नाही. पोटासाठी त्याला खाली उतरावे लागू नये, म्हणून बोरांच्या दिवसांत रोज घरटी एक बोर झाडाखाली ठेवायचे, असे ठरले होते. वानर त्यातली निम्मी बोरे खाई आणि निम्मी फांदीवर वाळवून ढोलीत ठेवी. वैशाखात रान कोरडे पडे, तेव्हा तो ती सुकलेली बोरे चघळून दिवस काढी. वैशाखात कुणाकडून काही घ्यायचे नाही, हा त्याचा स्वतःचा नियम होता.

एके वर्षी माघात खार त्याच्याकडे आली. "वानरदादा, मी बिया पुरते आणि कुठे पुरल्या तेच विसरते. तुम्ही नुसते बसलेलेच असता, तेवढं ध्यानात ठेवाल का?" वानराला नाही म्हणणे जमत नसे. तो हो म्हणाला. हे ऐकून मोर आला. त्याला नाचायची जागा झाडून हवी होती. "अहो, पावसाळा अजून लांब आहे," वानर म्हणाला. "मग सराव नको का करायला?" मोर म्हणाला. त्याच्या मागोमाग आलेल्या सशाला बिळाच्या तोंडावरचा पाला काढून हवा होता. इतकी कामे एकट्याने कशी व्हावीत? वानराने डोंगरापलीकडून आपले भाऊबंद बोलावले. भाऊबंदांनाही पोट होतेच, तेव्हा घरटी एकाची तीन बोरे झाली आणि फाल्गुनात पाच. पाच बोरे शोधण्यातच हरिणीची सकाळ जाऊ लागली आणि चरायचे राहू लागले. ढोलीत मात्र काही साठेना.

पाणवठ्याच्या खड्यांत एक टिटवी अंडी घालून बसली होती. वानर तिच्याकडे येऊन म्हणाला, "टिटवीबाई, तुमचं एकच बोर येतं. पाच आणा, म्हणजे अंड्यांवर सावली धरायला मी एक भाऊबंद पाठवतो."

"आणि त्याचा पाय अंड्यावर पडला म्हणजे?" टिटवी म्हणाली. "माझी अंडी मी बघते. तू गवताकडे बघ. एक बोर मी आणत आले आणि आणत राहीन. ते राखणीचं आहे, झाडलोटीचं नाही."

"बाईंचा हात भलताच आखडता!" मोर पिसारा सावरत म्हणाला. सगळे हसले. टिटवी अंड्यांकडे वळली.

चैत्रात एका दुपारी खार आणि ससा यांचे भांडण लागले. खारीच्या बिया सशाने उकरल्या, असे तिचे म्हणणे होते. न्याय करायला वानर खाली उतरला आणि भाऊबंदांसह जागा मोजत बसला. त्याच वेळी हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली. वर राखणदार आहे, या भरवशावर तिने मान खाली घातली. पाडस तर गुडघाभर पाण्यात शिरले. वारा पडला होता, तरी गवत हलले. टिटवीने ते पाहिले. ती किंचाळत उठली आणि थेट बिबट्याच्या डोळ्यांवर झेपावली. तो क्षणभर दचकला, तेवढ्यात पाडसाने उडी मारली. बिबट्याच्या पंजात पाडसाच्या शेपटीचे चार केस तेवढे आले, आणि तो गवतात परत गेला.

हरिणीने पाडसाला चाटून पाहिले. "मी वर पाहिलंसुद्धा नाही," ती वानराला म्हणाली. "तू आहेस म्हणून."

वानराने मान खाली घातली. "मी नव्हतो," तो म्हणाला.

हरिणीच पुढे म्हणाली, "तुला खाली आम्हीच बोलावलं. आता वर जा, आणि कुणी हाक मारली तरी उतरू नकोस."

संध्याकाळपर्यंत भाऊबंद आपल्या रानी परतले. ढोलीत अवघी तीन सुकी बोरे निघाली. हरिणीने वैशाखात त्याच्यासाठी काही आणू पाहिले, पण वानराने नियम मोडला नाही. बेहड्याचा उरलासुरला पाला खाऊन, पोट आवळून त्याने महिना काढला. खारीची कुरकूर काही दिवस चालली. "मग माझ्या बिया कोण लक्षात ठेवणार?"

"जिथे विसरशील तिथे झाड येईल," टिटवी म्हणाली. "त्यात कुणाचं काय बिघडतंय?"

आणि तसेच झाले. पाऊस पडला, तशी खार जिथे जिथे विसरली होती तिथे बोरीची रोपे वर आली. मोराने आपल्याच पंखांनी जागा झाडली आणि तिथेच तो नाचला. पुढच्या वर्षी पुन्हा घरटी एक बोर येऊ लागले, आणि त्या एकातूनच ढोली काठोकाठ भरली. वैशाख आला. हरिणी आणि आता खांद्याला आलेले तिचे पाडस सावकाश पाणी पीत होते. खड्यांत टिटवीची पिले धावत होती. वर शेंड्यावर वानर एक सुके बोर गालात धरून बसला होता आणि त्याची नजर पलीकडच्या गवतावर होती.

तात्पर्य : राखणदाराला राखणच करू द्यावी आणि राखणीपुरतेच त्याला द्यावे. आपल्याला जमणारी कामे त्याच्यावर टाकली, तर वाटा वाढतो, शिल्लक सरते आणि राखणही होत नाही.