वाटीखालची करकर

घाटात रस्ता नव्हता, मिठाची गोणी माणसाच्या पाठीवरूनच वर जायची, त्या काळातली ही गोष्ट. घाटाखालच्या एका गावाच्या वर, कारंजखिंडीत करकऱ्या नावाचं भूत होतं. ते माणसाच्या गुडघ्यात शिरायचं आणि वाटीखाली बसून करकर दात खायचं, असं म्हणतात.

ज्याचा गुडघा वाजेल त्याला गाव खिंडीतल्या करकऱ्याच्या दगडापुढे उभं करायचं आणि भूत निघेपर्यंत बैठका काढायला लावायचं. गेनू हमाल बैठका काढता काढता खाली बसला, तो पुन्हा कधी चाललाच नाही. लोक म्हणाले, "भूत फार चिवट होतं."

मग साळूचा गुडघा वाजू लागला. साळू नवी सून. आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती चालताना मोठ्यानं गाणं म्हणायची. एकदा उतारावर तिचा दम संपला, गाणं थांबलं आणि मागून येणाऱ्या सासूनं ऐकलं.

"म्हणून गात होतीस होय," सासू म्हणाली.

सकाळी सगळा गाव दगडापाशी जमला. पहिल्याच बैठकीला साळू कळवळली. तेवढ्यात गर्दीतून हौसाई सुईण पुढे आली. तिनं साळूला उताणं निजवलं आणि गुडघ्याला कान लावला.

"दात नाहीत गं हे. वाटी घासतेय. पुन्हा खाली बसलीस तर आणखी घासेल."

दगडाची पूजा करणारा गुरव पांढरा पडला. "हौसाई, करकऱ्या चिडला तर?"

"तर माझ्या गुडघ्यात येऊ दे. तसेही म्हातारे झालेत."

कोणी हसलं नाही.

तिनं साळूचा एक पाय दुमडला, दुसरा सरळ ठेवला. "मांडी आवळ. आता पाय वीतभर उचल. दुखतंय?"

"नाही."

"दुखलं की थांबायचं आणि सांगायचं. भिऊन गप्प राहायचं नाही."

रोज तेवढंच. बरं वाटल्यावर उंच ओट्यावर बसणं-उठणं, आणि चढ सगळ्यात शेवटी. पावसाळा सरल्यावर साळू घाट चढली, न गाता. तिच्या मागोमाग निघालेली हौसाई मात्र परत आलीच नाही. तिनं म्हटलं तसं भूत तिच्याच गुडघ्यात गेलं, त्या दिवसापासून गावातले गुडघे गप्प झाले आणि खिंड करकरू लागली, असं म्हणतात.

अजूनही त्या गावात ज्याची वाटी दुखते तो त्या दगडाशेजारी उताणा निजून पाय सरळ उचलतो. घरातलं कोणीतरी गुडघ्यावर तळहात ठेवून हौसाईच्या नावानं विचारतं, "दुखतंय?" तिथे सगळे खरं सांगतात. कारण दुखत असून 'नाही' म्हटलं, की खिंडीतली करकर एकेक वळण खाली, गावाकडे उतरू लागते.