‘भाऊ’ म्हणण्यास मनाई व्हावी

विषय : मुक्त झालेल्या शेजाऱ्याने अर्जदारास ‘भाऊ’ म्हणू नये, असा मनाईहुकूम मिळणेबाबत.
अर्जदार : नदीच्या खालच्या अंगाच्या गावचा एक विणकर.

सदर प्रकरणाची हकिकत फार जुनी आहे. एका राज्याच्या मधून नदी वाहत असे. नदीच्या वरच्या अंगाला माणसे कामावर ठेवत. खालच्या अंगाला ती विकत घेत.

आपला विणकर खालच्या अंगाचा. माग स्वतःचा, धोटाही स्वतःच फेकायचा. शेजारच्या शेठच्या मागावर मात्र एक गुलाम बसे, आणि त्याचे लुगडे विणकराच्या लुगड्यापेक्षा सुबक उतरे. त्यामुळे विणकराला दोनदा जळावे लागे. शेठकडे गुलाम आहे म्हणून एकदा, आणि गुलामाच्या हातात कसब आहे म्हणून पुन्हा. येताजाता त्याला ‘ए’ म्हणून हाक मारता येई, एवढाच काय तो दिलासा.

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली, की यापुढे कोणी कोणाचा गुलाम नाही.

खालचे सरदार म्हणाले, “मग तुमचे राज्य निराळे, आमचे निराळे.”

राजा म्हणाला, “राज्य एकच राहील.”

एवढ्याशा बोलण्यावर पाच वर्षे लढाई चालली.

विणकराने भाला उचलला. बायको दारात आडवी आली.

“अहो, आपल्या घरात कोण गुलाम आहे? मी सोडून?”

“थट्टा पुरे. तो सुटला, तर गावात सगळ्यांत खाली कोण उरेल? मीच ना?”

“आणि शेठ नाही का येत लढायला?”

“त्यांची कंबर धरली आहे. मागून येतो म्हणालेत.”

शेठ मागूनही आले नाहीत. विणकर परतला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची चार बोटे रणांगणावर राहिली होती. राज्य पुन्हा एक झाले होते. शेठची कंबर बरी झाली होती. आणि पलीकडच्या झोपडीत पूर्वीच्या गुलामाने स्वतःचा माग मांडला होता.

दुसऱ्याच सकाळी तो विणकराकडे आला. हात पाहून म्हणाला,

“भाऊ, माग बंद पडू देऊ नका. धोटा मी फेकतो, नक्षी तुम्ही सांगा. निम्मे तुमचे.”

विणकराच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. “भाऊ कोणाला म्हणतोस रे?”

“मग काय म्हणू? तुम्ही मला म्हणायचात, ते?”

विणकराने दार लावून घेतले, आणि डाव्या हाताने अर्ज लिहिला.

आता त्याच्या मागावर धूळ साचली आहे. बायको पलीकडच्या झोपडीत सुताच्या कांड्या भरायला जाते. तिथून येणाऱ्या ज्वारीची भाकरी विणकर मान खाली घालून खातो.

तात्पर्य : शेजाऱ्याला खाली ठेवण्यासाठी जो लढतो, त्याला स्वतःला वर काढायला आलेला हात दिसत नाही.

‘भाऊ’ऐवजी कोणता शब्द हवा ते कळवावे, असा शेरा दरबाराने मारला आहे. अर्जदाराचे उत्तर आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.