जपून ठेवलेले भगदाड

एका जंगलाच्या कडेला, जिथे मोहाची झाडे विरळ होत जातात, तिथे एक उंदरीण बीळ करून राहत असे. बीळ साधेच होते. पुढे बसायउठायची जागा आणि मागे कोठी. पण मुलांनो, त्या कोठीत सबंध हिवाळाभर एकेक दाणा वेचून आणलेले गवताचे बी होते. उन्हाळ्यात त्या भागात खायला काही म्हणता काही मिळत नसे, आणि उंदरिणीची पिल्ले तर अजून बिळाबाहेरही पडली नव्हती. ते बी पुरले तरच ती जगणार होती.

एके दिवशी उंदरीण पाण्यावर गेली असताना एका घुशीने कोठीची मागची भिंत उकरून भले मोठे भगदाड पाडले आणि निम्मे बी पळवले. चोर शोधायला लांब जावे लागले नाही. घुशीच्या मिशांना भुसा लागलेला होता, आणि तो पुसण्याचेही कष्ट तिने घेतले नव्हते. शेजारच्या सशांनी तिला धरून न्यायालयात नेले.

त्या जंगलात न्यायदानाचे काम एक म्हातारा गवा करीत असे. गवा सज्जन होता, कोणाकडून गवताची काडीही घेत नसे. फक्त साधी गोष्टसुद्धा दहादा रवंथ केल्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरत नसे. घुशीच्या बाजूने कोल्हा वकील म्हणून उभा राहिला.

"घरफोडी हा गंभीर गुन्हा आहे," गवा म्हणाला. "पुरावा काय?"

"महाराज, भिंतीला एवढं मोठं भगदाड पडलंय," उंदरीण म्हणाली. "पिल्लं आत एकटी आहेत. लवकर निकाल द्या, म्हणजे मी ते बुजवून टाकते."

"बुजवून टाकतेस?" गव्याचे जबडे थांबले. "अगं बाई, ते भगदाड हाच तर मुख्य पुरावा! मी जातीने पाहणी करेपर्यंत मातीचा एक कण इकडचा तिकडे होता कामा नये."

"आणि तोवर घूस?"

"महाराज, माझ्या अशील घूसबाई इथल्याच रहिवासी," कोल्हा पुढे सरसावला. "त्या कुठे पळून जाणार?" गव्याला ते पटले, आणि घूस जामिनावर सुटली. उंदरिणीआधी ती घरी पोचलीसुद्धा.

मग सुरू झाल्या तारखा. एका तारखेला कोल्ह्याचा घसा बसला होता. पुढच्या तारखेला गवाच खारी माती चाटायला डोंगरापलीकडे गेला होता. उंदरीण प्रत्येक वेळी पिल्लांना एकटे टाकून, उन्हातान्हात धापा टाकत यायची आणि तशीच परत जायची. एकदाचा गवा पाहणीला आला. त्याने खाली वाकून भगदाडाला डोळा लावला. त्या डोळ्याने सगळे भगदाड भरून गेले आणि आत अंधार झाला.

"काहीच दिसत नाही," गवा म्हणाला. "उजेड असेल तेव्हा पुन्हा पाहू."

भर दुपार होती. उंदरिणीने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, आपण माती लोटू या ना गं," धाकटे पिल्लू भगदाडाकडे बघत म्हणाले. "मला तिकडे पाठ करून झोपायची भीती वाटते."

"हात नको लावूस, राजा. तो पुरावा आहे," उंदरीण म्हणाली. असे म्हणताना तिला स्वतःचीच चीड आली. पण न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, एवढे ती जन्मभर शिकली होती. ती पिल्लू आणि भगदाड यांच्या मधे झोपू लागली.

पुढच्या तारखेला घूस आलीच नाही. "घूसबाईंना कणकण आहे, आजची गैरहजेरी माफ असावी," कोल्ह्याने अर्ज केला. गव्याने माफ केली. उंदरीण घरी परतली तेव्हा कोठी झाडून पुसून स्वच्छ होती आणि पिल्ले पुढच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसली होती.

"आई, ती मावशी परत आली होती," थोरले म्हणाले. "आम्हाला म्हणाली, जरा बाजूला सरका."

उंदरीण रडत, ओरडत न्यायालयात गेली. "महाराज, तिने पुन्हा घर फोडलं! एक दाणा ठेवला नाही हो!"

"फोडलं?" कोल्ह्याने शांतपणे विचारले. "घरफोडी म्हणजे घर फोडणं. या खेपेला माझ्या अशिलांनी काय फोडलं? भगदाड तर होतंच. आणि ते उघडं ठेवा, असा हुकूम कोणाचा होता? महाराज, आपलाच!"

गवा बराच वेळ रवंथ करीत राहिला. मग त्याने घुशीला बोलावून घेतले, आणि पहिली घरफोडी तिने तिथल्या तिथे कबूल केली. शेवटी त्याने निकाल दिला. दुसऱ्या खेपेला काही फोडलेले नसल्यामुळे ती साधी चोरी ठरली आणि घुशीला समज देण्यात आली. घरफोडी मात्र एकच आणि पहिलीच, त्यातून तिने ती कबूलही केली, म्हणून शिक्षा सौम्य: न्यायालय उठेपर्यंत कैद. म्हणजे गवा न्यायासनावरून उठेपर्यंत घुशीने तिथेच बसून राहायचे.

निकाल संपला. गव्याला तहान लागली होती. तो उठला.

"झाली शिक्षा," घूस म्हणाली आणि मिशा साफ करीत निघून गेली.

उंदरीण जागची हलली नाही. "महाराज, आता तरी भगदाड बुजवू?"

"छे छे! निकाल पटला नसेल तर तू वरच्या न्यायालयात, हत्तीकडे दाद मागू शकतेस. त्यांनी पुरावा बघायला मागितला तर? दाद मागायची मुदत संपेपर्यंत ते तसंच जपून ठेव."

तेव्हा त्या गरीब, आज्ञाधारक उंदरिणीचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते तुम्हीच ठेवून घ्या, महाराज! माझ्या घरात तेवढीच एक गोष्ट तुम्ही सांभाळलीत."

तिने पिल्ले उचलली आणि ऐन उन्हाळ्यात, उपाशीपोटी, ती ओढ्यापलीकडच्या खडकाळ जमिनीकडे चालू लागली. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही.

काही दिवसांनी गवा कर्तव्य म्हणून पुन्हा पाहणीला आला. बिळाशी वाकून त्याने हाक मारली, "आत कोण आहे?"

"मी आहे, महाराज," आतून घुशीचा आवाज आला. "आता इथंच राहते. पण काळजी नको, भगदाड जसंच्या तसं ठेवलंय."

"शाबास," गवा म्हणाला आणि समाधानाने रवंथ करीत परत गेला.

तात्पर्य : ज्या न्यायासाठी फिर्यादीला आपले घर उघडे ठेवावे लागते, तो न्याय शेवटी चोराचेच घर बांधून देतो.