राणीचा बुडखा आणि रागावलेली माती

पाय पोटाशी घ्या आणि गप्प पडा. मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत.

एकदा काय झालं, रुद्रभान राजाच्या राणीला मुलगा झाला. राणीचं नाव सोनसळी. मुलगा झाला, पण तिला दूधच येईना. दाया आणल्या, बाळ त्यांच्याकडे तोंड वळवीना. गाईचं दूध पाजलं, ते ओकून टाकलं. रडून रडून निळं पडायचं बिचारं.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरीची मुळी दुधात उकळून देतात. डोंगरावर काट्याकुट्यांत शतावरी रग्गड होती. पण त्या घराण्याची एक खोड होती. पहिल्या राणीनं, म्हणजे राजाच्या पणजीनं, माहेरून शतावरीचा एक बुडखा, मुळ्यांचा गड्डा, आणला होता. तोच फोडायचा, तोच लावायचा, पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाफ्यात. नव्या राणीनं तो आपल्या हातानं लावायचा आणि त्याचीच मुळी खायची. बाहेरची चालत नाही. का चालत नाही? चालत नाही म्हणून चालत नाही. मोठ्या घरांत असली कारणं पुष्कळ असतात, बरं का.

सोनसळीनं हळदकुंकू वाहून बुडखा लावला. गोष्टीतली शतावरी ती, बघता बघता कमरेला लागली. आणि तशीच बघता बघता पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळ्या कुजलेल्या, आतून पोकळ. मर लागली होती, झाड मुळापासून मारणारा रोग.

प्रधान म्हणाला, मातीतच खोट आहे, तिला भाजून काढा. मग वाफ्यावर काटक्या-कुटक्यांचा जाळ केला. सोनसळीनं पुन्हा बुडखा फोडून लावला. वेल वर आला, हिरवागार झाला, आणि त्यानं मान टाकली.

मग राजवैद्य म्हणाले, मीठ घाला. पोत्यांनी मीठ ओतलं. गावात चिमूटभर उरलं नाही, लोक अळणी जेवले. वैद्यांच्या पानात मात्र लोणचं होतंच. पुन्हा बुडखा लावला, पुन्हा पिवळा पडला.

मग राजाची आत्या म्हणाली, मोहरी गाडा. मोहरी पेरली, फुलावर आल्यावर तशीच नांगरून मातीत गाडली. असा उग्र वास सुटला की पागेतले घोडे शिंकायला लागले. पुन्हा बुडखा लावला. पुन्हा तेच.

तोवर बाळाचा आवाज बसला. रडायला तोंड उघडायचं, पण आवाज निघायचा नाही. राजानं हुकूम सोडला, ही माती कैदाशीण आहे, खणा आणि नदीत फेका.

सोनसळीला राग आवरेना. बाळाला कडेवर घेतलं, तरातरा वाफ्यावर गेली आणि टाच आपटली. "जाळ खाल्लास, मीठ खाल्लंस, मोहरी खाल्लीस," ती म्हणाली. "आता माझं पोर तेवढं राहिलंय. तेही खा."

वाफ्याला भेग पडली. आतून खरखरीत आवाज आला.

"टाच काय आपटतेस? जाळानं मी साफ झाले. मिठानं झाले. मोहरीनं तर लखलखीत झाले. तीनदा मला न्हाऊ घातलंत आणि तीनदा तेच मळकं लुगडं नेसवलंत. रोग तुमच्या बुडख्यात आहे गं. तूच तो हळदकुंकू वाहून माझ्या पोटात घालतेस. आणि नदीत फेकायचं मला?"

सोनसळीनं आपल्याच हातांकडे पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, आता काय करू, बाई? माती म्हणाली, तो बुडखा जाळ. डोंगरावरची मुळी खा. तिथलंच बी आण आणि दुसऱ्या रानात पेर. मला शतावरीचा वीट आलाय, मला ज्वारी दे.

सोनसळीनं बुडखा उचलला आणि चूल पेटवली. राजा धावत आला. अगं, पणजीबाईंचा बुडखा तो, घराण्याची अब्रू ती, असं बरंच काही म्हणाला.

"पणजीबाईंनी तो बाहेरूनच आणला होता ना?" सोनसळी म्हणाली. "त्यांना माहेरची चालली, मला डोंगरावरची चालत नाही? त्या गेल्या. हे पोर अजून आहे."

बुडखा चुलीत गेला. सोनसळी डोंगर चढली, काटे टोचले, रक्त आलं, तिनं पाहिलंसुद्धा नाही. पांढऱ्याशुभ्र मुळ्या खणून आणल्या, दुधात उकळल्या आणि ते दूध ती प्यायली. गोष्टीतलंच औषध ते, लगेच पान्हा फुटला. बाळ असं चिकटलं की सोडीना.

मग नव्या रानात शतावरी झाली. त्या वाफ्यात ज्वारी झाली, राजानं तिची भाकर खाल्ली आणि पुन्हा नदीचं नाव काढलं नाही. माती त्यानंतर कधी बोलली नाही. नीट वागवलं की ती कशाला बोलेल?

बाळ पोटभर पिऊन झोपलं. सगळे सुखात राहिले. तुमचीही पोटं भरली आहेत, मग मिटा डोळे.