नऊ नंबरचा पाय

"मास्तर, मी वर कधी जाणार?"

बशीर मास्तर गुळाच्या जुन्या वजनकाट्यावर बसून केळं सोलत होते. ते म्हणाले, "माझ्या हाताखालनं चौदा पोरं वर गेली, इंद्या. माझा हात ज्याच्या पाठीवर पडला, तो पुण्याला पोचलाच म्हणून समज."

केळ्याचा एक घास.

"त्यातली अकरा पुढच्याच गाडीनं माघारी आली, ते सोड. एक चुकून गेला होता, आडनाव सारखं होतं म्हणून. राहिले दोन... ते माझा हात पडायच्या आधीपासनंच बरे खेळायचे."

इंद्रजित डुबल हसला नाही. तीन वर्षांत तो कशालाच हसला नव्हता.

वर म्हणजे पुणे. तिथं 'गरुड' नावाचा बास्केटबॉलचा मोठा क्लब होता. चकचकीत स्टेडियम, टीव्हीवर सामने, खेळाडूंना पंख्याखाली बसून पाय दाबून घ्यायची सोय. खाली म्हणजे कऱ्हाडातली ही वखार. हा त्याच क्लबचा राखीव संघ. कागदावर नाव 'गरुड राखीव', गावात नाव 'पिल्लं'. आणि ही पिल्लं सहा-सहा फूट चार-चार इंच. रिक्षात बसली की गुडघे ड्रायव्हरच्या कानाला लागायचे.

वखारीत पूर्वी गुळाच्या ढेपा असायच्या. ढेपा गेल्या, लाकडी फरशी आली, दोन रिंगा लागल्या. मुंगळ्यांना मात्र ही बातमी कुणी कळवली नाही. ते आपले येतच राहिले.

क्लबचा नियम साधा होता. वरच्या संघात जो नंबर, त्याच नंबरचा एक खाली. वरचा चार नंबर आजारी पडला की खालच्या चार नंबरनं पिशवी भरायची. त्यामुळं वखारीतलं प्रत्येक पोरगं आपापल्या नंबरवाल्याच्या तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी करायचं. "त्याचा खोकला गेला का हो?" असं विचारायचं, आणि "गेला" म्हटलं की तोंड पाडायचं.

इंद्रजितचा नंबर नऊ. वरचा नऊ नंबर म्हणजे नेल्सन तुस्कानो, वसईचा. चौतीस वर्षांचा गडी, पण घोड्यासारखा. दहा वर्षांत त्याला साधी शिंकही आली नव्हती. आणि इंद्रजितचा करार या मोसमाला संपत होता. चोविसाव्या वर्षी वखारीतनं घरी गेलेल्याला परत कुणी हाक मारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग एका रविवारी, भर सामन्यात, टीव्हीवर सगळ्यांच्या देखत, नेल्सनचा डावा घोटा वळला.

सोमवारी सकाळी इंद्रजितनं वखारीत पेढे वाटले.

"काय विशेष?" मास्तरांनी विचारलं.

"आईचा वाढदिवस."

मास्तरांनी दोन उचलले. "मागं नेल्सनला ताप आल्याची अफवा उठली होती, तेव्हा पण आईचाच होता. तुझी आई वर्षातनं किती वेळा जन्मते रं?"

दुपारी पुण्याहून फोन आला. मास्तर ऐकत गेले, हूं हूं करत गेले. फोन ठेवून त्यांनी हाक मारली.

"इंद्या, जर्सी काढ."

इंद्रजितचा चेहरा असा उजळला की वखारीतला दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

"निघू का मग? पिशवी भरलेलीच आहे."

"पिशवी राहू दे. जर्सी काढ. नऊ नंबर खाली येतोय."

"...कोण?"

"तुस्कानो. हाड शाबूत आहे. बारा दिवस खाली ठेवा, पाय मोकळा करा म्हणाले. पुढच्या शनिवारी उपांत्य सामना. तोवर जमला तर तो खेळेल. नाही जमला..." मास्तरांनी दुसरा पेढा तोंडात टाकला. "नाही जमला तर तू."

इंद्रजितला बिननंबराची जर्सी मिळाली. पाठ कोरी. वर आणखी कामही मिळालं. नेल्सन रोज तीनशे चेंडू टाकणार, आणि इंद्रजितनं रिंगेखाली उभं राहून एकेक परत द्यायचा.

"मी?" इंद्रजित म्हणाला. "म्हणजे त्याचा पाय मीच बरा करू?"

"पाय डॉक्टर बरा करतो. तू चेंडू आण."

पहिले दोन दिवस इंद्रजितनं चेंडू परत दिले नाहीत, मारले. छातीवर, खांद्यावर, एक तर थेट नाकावर.

नेल्सन खूश. "वा रे! वर सगळे हळू देतात मला. म्हातारा झालो ना. तू बरा आहेस, माणसासारखा मारतोस."

आता अशा माणसाशी वैर तरी कसं करायचं?

तिसऱ्या दिवशी नेल्सननं आईनं दिलेली सुकेळी काढली. वसईची वाळवलेली केळी, मधासारखी. अर्धी इंद्रजितच्या हातावर ठेवली. चौथ्या दिवशी म्हणाला, "तुझा कोपर बाहेर जातो रे चेंडू सोडताना. माझाही जायचा. माझी आई काखेत नारळ धरायला लावायची. नारळ पडला की जेवण नाही."

"मग?"

"मग काय, महिनाभर उपाशी. पण कोपर बघ!"

पाचव्या दिवशी वखारीत एक विचित्र आवाज झाला. मास्तरांना आधी वाटलं, छपराचा पत्रा सुटला. ते बाहेर जाऊन बघूनसुद्धा आले. पत्रा जागेवर होता. इंद्रजित काखेत नारळ धरून हसत होता.

पण नेल्सनचा पाय काही जागेवर येईना. उडी मारायचा झकास, उतरायचा मात्र उजव्यावर. डावा हवेत, जसा देवळात शिरताना ओला पाय धरावा तसा.

"कसं वाटतंय?" मास्तर रोज विचारायचे.

"अजून एक आठवडा, मास्तर."

आठव्या दिवशीसुद्धा 'अजून एक आठवडा'च. सूज कधीच उतरली होती. डॉक्टर म्हणाला, माझं काम झालं, आता याला विचारा. आणि विचारलं की नेल्सन घोट्याकडं असा बघायचा, जसं तिथं कुणी परकं माणूस झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये.

बुधवार उजाडला. शनिवार तीन दिवसांवर.

सराव संपला. पोरं आंघोळीला गेली. नेल्सन फरशीवर अनवाणी बसला, डाव्या घोट्यावर बर्फाची पिशवी, उजवा पाय पसरलेला. इंद्रजित चेंडू गोळा करत होता. मास्तर काट्यामागं वाकून कालची केळी कुठं ठेवली ते शोधत होते.

आणि एका मुंगळ्यानं नेल्सनच्या उजव्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला.

"आई गं!"

नेल्सन उठला. उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि नाचायला लागला. डाव्यावर! एकट्या डाव्यावर! लंगडी घालत अर्धं कोर्ट पार केलं, मुंगळ्याच्या सात पिढ्या वसईच्या बोलीत मोजल्या, वळला, परत आला. नव्वद किलोचा माणूस. एका पायावर. वीसेक उड्या तरी सहज.

मग खाली बसला. अंगठा चोळला. आणि सवयीनं बर्फाची पिशवी उचलून परत डाव्या घोट्यावर ठेवली.

त्याला पत्ता नाही!

मास्तरांनी तोंडात केळ्याचं साल कोंबून हसू दाबलं. मग त्यांची नजर इंद्रजितकडं गेली, आणि हसू आपोआपच थांबलं.

इंद्रजित चेंडू छातीशी धरून खांबासारखा उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. आता तो आजूबाजूला बघत होता... आणखी कुणी बघितलं का?

मास्तर काट्यामागं आणखी खाली वाकले. एकाहत्तराव्या वर्षी एवढं वाकल्यावर वर येणं सोपं नसतं, पण ते वाकले.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "काय इंद्या, पाय कसा वाटतो त्याचा?"

"त्यालाच विचारा."

"तो म्हणतो आठवडा."

"मग आठवडा."

"तू रोज समोर उभा असतोस."

इंद्रजितनं बुटाची नाडी सोडली. परत बांधली. "मी चेंडू आणतो, मास्तर. तुम्हीच सांगितलं होतं."

मास्तरांचा त्या दिवशीचा चहा तसाच राहिला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुण्याला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण पाय बरा झाला हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना काळजी त्या पायाची नव्हती, इंद्याची होती.

गुरुवार. बारा वाजता पुण्याला कळवायचं होतं, कोणता नऊ नंबर शनिवारी खेळणार.

साडेअकराला नेल्सन पलीकडच्या रिंगेवर एकटाच चेंडू टाकत होता. उजव्यावर उतरत होता. इंद्रजित काट्याशेजारी उभा होता. त्याची पिशवी भिंतीला टेकलेली. भरलेली.

मास्तर फोन कानाला लावून आले. "हो साहेब... हो हो... मला डोळ्यानं धड दिसत नाही साहेब, मोतीबिंदू. रोज समोर असतो त्यालाच देतो."

आणि फोन इंद्रजितपुढं धरला.

"पुण्याचे साहेब आहेत. पाय कसा विचारतात."

इंद्रजितनं फोन घेतला. हातात धरून त्याच्याकडं बघितलं.

पलीकडं चेंडू रिंगेवर आपटला. नेल्सन स्वतःलाच शिवी देऊन हसला.

...

फार बोलायची गरज नव्हती. 'आठवडा लागेल' एवढंच. तेही खोटं नव्हतं; नेल्सन स्वतःच तसं म्हणत होता.

इंद्रजितनं फोन कानाला लावला.

"साहेब, पाय बरा आहे. काल तो नुसत्या डाव्यावर अर्धं कोर्ट नाचला. त्याला माहीत नाही, मी त्याला सांगतो. शनिवारी त्यालाच खेळवा." मग थोडं थांबून, "आणि कोपर झकास आहे त्याचा."

मास्तरांनी मांडीवर अशी थाप मारली की काट्याच्या साखळ्या वाजल्या.

"शिकलास! अरे शिकलास लेका! चौदा पोरं गेली, एकाला जमलं नाही हे!" डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, आणि दात घरी विसरलेले. त्यांनी फोन हिसकावला आणि इंद्रजितच्या नाकासमोर नाचवला. "आणि हे बघ, बघ! फोन बंदच आहे! रात्रीच मेलाय! साहेब नाहीत नि कुणी नाही! कसा फसवला?"

इंद्रजितही हसला, तसाच, पत्रा सुटल्यासारखा.

"मला दिसलं होतं, मास्तर. पडदा काळा होता, त्यात माझंच तोंड दिसत होतं. बंद फोनवर कुणीही खरं बोलेल." त्यानं हात पुढं केला. "आता चालू फोन द्या."