सलोखा भवनाची जागा

नदीकाठी प्राण्यांचं एक शहर होतं. देव पुष्कळ, जागा थोडी. कावळे सूर्याला भजत, घुबडं चंद्राला, घुशी मातीला आणि कासवं पाण्याला. पहाटे कावळ्यांची आरती सुरू झाली, की नुकता डोळा लागलेली घुबडं कुरकुरत. भांडण म्हणावं तर एवढंच.

कासवांचं एकच घर उरलं होतं, कमठाजींचं. शहरातल्या तळ्यात ते, त्यांची बायको आणि त्यांचा देव असे तिघं सुखानं राहत.

मग निवडणूक आली. तरसोजीराव तरस कावळ्यांच्या सभेत गरजले, "घुबडं तुमचा सूर्य बुडवतात!" घुबडांच्या सभेत म्हणाले, "कावळे तुमचा चंद्र पळवतात!" दोघांनाही याचा पुरावा रोज आकाशात दिसू लागला. घरटी जळली आणि तरसोजीराव महापौर झाले.

शपथ घेताच त्यांनी सलोखा समिती नेमली. चार धर्म, चार मतं. अध्यक्ष कमठाजी, कारण त्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं. हारतुरे झाल्यावर कमठाजींनी भोळेपणानं विचारलं, "साहेब, घरटी कुणी जाळली?"

तरसोजीराव हसले. ते नेहमीच हसत. "कमठाजी, खपल्या काढू नका. आधी सलोखा भवन बांधू."

"कुठं?"

"तुमच्या तळ्यावर. भराव टाकू. तुमच्या देवासाठी आत कारंजं ठेवू की!"

कमठाजींनी मान आत घेतली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. समितीत शेजारी बसलेल्या कावळ्याला ते म्हणाले, "बाळकोजी, आग लागली तेव्हा तुझी पिल्लं माझ्या पाठीवर बसून तळ्यात वाचली. आठवतं ना रे?"

"आठवतं हो, काका," बाळकोजी खाली बघत पुटपुटला. "पण भवनात आम्हाला पूर्वेची खिडकी मिळतेय."

घुबडांना गच्ची मिळत होती. घुशींना भरावाचं कंत्राट. "माती टाकणं ही आमची उपासनाच आहे," असं घूस गंभीरपणे म्हणाली.

मतदान झालं. तीन विरुद्ध एक. दंगलीनंतर पहिल्यांदाच कावळे आणि घुबडं गळ्यात गळे घालून नाचले. तरसोजीराव टाळ्या पिटत म्हणाले, "यालाच म्हणतात ऐक्य!"

कमठाजी बायकोला घेऊन शहर सोडून निघाले. चाल कासवाची, त्यामुळे त्यांच्या गौरवाची सगळी भाषणं त्यांना ऐकावीच लागली.

शहरात आता तीनच धर्म उरले. त्यांतला सगळ्यात लहान कोणता, हे ठरवायला तरसोजीरावांनी निवडणूक जाहीर केली आहे.